नन्नासाहेबांचं प्रशिक्षण

ग्रंथपालांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. ग्रंथालयात त्यांना सगळे नन्नासाहेब म्हणत. समोर नव्हे, पाठीमागे. पण ग्रंथालयात एवढी शांतता असे, की पाठीमागे बोललेलं सगळं त्यांना नीट ऐकू येई. त्यांना त्याचं काही वाटत नसे. पुस्तकं देणं कुणालाही जमतं, ती राखायला पगारी माणूस लागतो, असं त्यांचं मत होतं.

कुणी एका प्रकरणाची झेरॉक्स मागितली की ते म्हणत, "कॉपीराइट." कुणी नकाशाचा मोबाइलवर फोटो काढायला लागलं की ते टेबलामागून उठून येत आणि म्हणत, "कॉपीराइट." एकदा एक मुलगी वहीत उतारा उतरवून घेत होती. ते बराच वेळ तिच्या मागे उभे राहिले. हातानं लिहिण्याला मनाई करावी की नाही, हे काही त्यांना ठरवता येईना. शेवटी "पेन्सिल वापरा" एवढंच म्हणून ते जागेवर गेले. झेरॉक्सचं मशीन जिन्याखाली होतं. त्याच्यावर त्यांनी स्वतः टाइप करून कागद चिकटवला होता, 'कायद्याने मनाई आहे.' कशाला ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे लोकांनी जिन्याखाली सायकली लावणंही सोडून दिलं होतं.

तो कायदा त्यांनी वाचलेला नव्हता. पुस्तकाच्या सुरुवातीला 'सर्व हक्क स्वाधीन' असं छापलेलं असतं, तेवढं मात्र उभ्या नोकरीत रोज पाहिलं होतं. सर्व म्हणजे सर्व, असं ते धरून चालत.

घरी बायको होती आणि तिचे वडील होते. बायको एका मोठ्या दवाखान्यात फोनवर बसायची. सासरे घड्याळजी. सगळा जन्म डोळ्याला भिंग लावून घड्याळांच्या पोटात बघण्यात गेला, आणि एक दिवस नजरेच्या बरोबर मधोमध करडा डाग येऊन बसला. कडेचं दिसे. दाराची चौकट, टेबलाचा कोपरा, शेजारी बसलेल्याचा कान. ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसत नसे. दुकान विकून ते लेकीकडे राहायला आले, तेव्हा बरोबर कपड्यांची बॅग आणि ग्रंथालयाचं एक पुस्तक होतं.

ते पुस्तक म्हणजे दीपगृहावर वाढलेल्या एका बाईंचं आत्मचरित्र. दोन जाड खंड. पहिला खंड सासऱ्यांनी दुकानात बसून संपवला होता. दुसऱ्यात ते अशा ठिकाणी आले होते, की वादळ उठलंय, बाईंचे वडील मदतनिसाला घेऊन छोट्या होडीतून कुणाला तरी वाचवायला गेलेत, लहानगी मुलगी वरच्या खिडकीत उभी आहे, आणि होडी दिसत नाही. तिथेच अक्षरंही दिसेनाशी झाली.

लेक वाचून दाखवायला बसे, पण दिवसभर फोनवर बोलून तिचा घसा बसलेला असे आणि दुसऱ्या पानावर ती आणि पुस्तक दोन्ही मिटत. मग तिनं तोडगा काढला. "बाबा, मी पुढची पानं चाळून सांगते ना, होडी आली की नाही ते."

"आली की नाही ते नकोय मला," सासरे म्हणाले. "काय काय झालं ते हवंय."

जावयाला विचारून उपयोग नव्हता. नन्नासाहेबांनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. ते कुठल्या कपाटात राहतं, एवढं ते सांगू शकले असते.

एका सकाळी सासरे काठी घेऊन, लेकीचा हात धरून ग्रंथालयात आले आणि काउंटरपुढच्या रांगेत उभे राहिले. जावयाकडे त्यांना काही मागायचं नव्हतं. ग्रंथपालाकडे मागायला मात्र हरकत नव्हती. वर्गणी भरलेली होती.

"या पुस्तकाची पानं मोठी करून झेरॉक्स मिळतील का? कडेच्या नजरेनं बघीन. नाहीतर कुणाकडून वाचून रेकॉर्ड करून?"

"अख्खं पुस्तक?" नन्नासाहेबांनी विचारलं.

"होडीपासून पुढचं."

मागे रांग होती. रांगेतले सगळे बघत होते. आपल्या माणसाला सवलत दिली असं कुणी म्हणायला नको, हाही विचार नन्नासाहेबांच्या मनात येऊन गेला.

"कॉपीराइट," ते म्हणाले.

"बरं," सासरे म्हणाले आणि काठी टेकत गेले. त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर दोघांमध्ये मीठ इकडून तिकडे जाई, शब्द जात नसे. बायकोनं एकदा बोलून पाहिलं. "अहो, माझे वडील आहेत ते." "म्हणून तर," नन्नासाहेब म्हणाले. पुढे वर्षभर यावर कुणी बोललं नाही.

मग वरच्या कार्यालयातून फर्मान आलं. ग्रंथपालांसाठी कॉपीराइटचं प्रशिक्षण, दोन दिवस, चहा-जेवणासकट, प्रत्येक ग्रंथालयातून एक जण. ग्रंथालय समितीचे अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी होते. वाचनालयातले पंखे त्यांनी दिलेले होते आणि प्रत्येक पंख्यावर त्यांचं नाव फिरत असे. ते म्हणाले, "तुम्हीच जा. हा शब्द तुमच्याइतका आपल्याकडे कुणी वापरत नाही."

नन्नासाहेब गेले ते शिकायला नव्हे, तर थोडं शिकवायला लागलं तर लाजू नये, अशा बेतानं. शर्टाला इस्त्री, खिशाला दोन पेनं.

शिकवायला एक वकीलबाई होत्या. त्यांचा घसा इतका बसला होता, की त्या बोलायला लागल्या की सगळा हॉल पुढे वाकत असे. त्यांनी आधी सगळ्यांना खुर्च्यांवरून उठवलं. त्या एकेक प्रसंग सांगणार. कायद्यात चालतं असं वाटेल त्यांनी खिडकीकडे जायचं, चालत नाही असं वाटेल त्यांनी दाराकडे.

"वाचकाला स्वतःच्या अभ्यासासाठी एका लेखाची प्रत हवी आहे."

नन्नासाहेब ताडकन दाराकडे गेले. आणखी चार-पाच जण आले. बाकी सगळे खिडकीशी. बाई म्हणाल्या, "आपल्या कायद्यात चालतं," आणि का ते सांगितलं.

"लेखक जाऊन शंभरेक वर्षं झाली आहेत. पुस्तक छापायचं आहे."

नन्नासाहेब दाराशीच होते. या वेळी सोबतीला दोघंच उरले. तेही चुकलं.

"ग्रंथालयातल्या प्रतीचं एक पान फाटलंय. पुस्तक आता बाजारात मिळत नाही. दुसऱ्या ग्रंथालयातून त्या पानाची झेरॉक्स आणून चिकटवायची आहे."

आता दाराशी ते एकटे होते. फाटकं पान फाटकंच राहावं, असं त्यांनाही मनापासून वाटत नव्हतं, पण हॉलभर लोकांच्या देखत दार सोडून खिडकीकडे चालत जाणं त्यांना जमेना. तेवढ्यात मागे खुर्चीवर बसून बघणाऱ्या एका पाहुण्यानं, हा माणूस मघापासून दाराशी उभा आहे असं पाहून, त्यांना चहा आणायला सांगितला. नन्नासाहेबांनी आणून दिला. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

ते परत येतात तोवर वकीलबाई पुढच्या प्रसंगावर गेल्या होत्या. "वाचकाला दिसत नाही, किंवा फार कमी दिसतं. त्याला वापरता येईल अशी प्रत, मोठ्या अक्षरात, ब्रेलमध्ये किंवा आवाजात, ग्रंथालय तयार करून देऊ शकतं का?"

नन्नासाहेब मधोमध थांबले. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता. ते हळूहळू दाराकडे गेले.

"यासाठी कायद्यात स्वतंत्र तरतूदच आहे," बाई घशातल्या घशात म्हणाल्या आणि सगळे पुढे वाकले. "अख्खं पुस्तक चालतं. परवानगी मागावी लागत नाही. अट एवढीच की ती प्रत अशाच वाचकांकडे जावी आणि त्यातून कुणी नफा कमावू नये."

नन्नासाहेबांनी हात वर केला. "समजा एखाद्या ग्रंथपालानं अशा वाचकाला नाही म्हटलं असेल तर? त्यानं कायदा मोडला का?"

"मोडला असं नाही म्हणता येणार. वाचकाला उगाच ताटकळत ठेवलं, एवढंच."

"वर्षभर?"

"कुणी ठेवलं?"

"एक आहेत आमच्याकडे," नन्नासाहेब म्हणाले आणि त्यांनी हात खाली घेतला. जेवणाच्या सुट्टीत ते वाढून घेतलेलं ताट तसंच पुढे ठेवून होते. शेजारच्या ग्रंथपालबाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. ते म्हणाले, कायदा जरा पचायला जड आहे.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या रांगेत बसले आणि सगळं लिहून घेतलं. दाराकडे जायचं तिथे दाराकडे गेले आणि खिडकीकडे जायचं तिथे खिडकीकडे. परत आल्यावर पहिलं काम म्हणून जिन्याखालचा कागद त्यांनी काढला. गोंद जुना झाला होता, त्यामुळे अर्धा कागद निघाला आणि 'आहे' तेवढं मशीनवर राहिलं.

घरी सांगायचं अवघड होतं. चुकलं माझं, हे वाक्य त्यांना येत होतं, पण ते कधी मोठ्यानं म्हणून पाहिलं नव्हतं. रात्रीच्या जेवणात त्यांनी घसा खाकरला.

"बाबा, तुमच्या मागणीचा फेरविचार झाला."

सासऱ्यांचा हात वाटीवर थांबला. "कुणी केला?"

"ग्रंथालयानं."

"ग्रंथालय जेवायला बसलंय वाटतं."

"मागणी मंजूर आहे. तेव्हाही मंजूर व्हायला हवी होती. ग्रंथपालाला कायदा माहीत नव्हता."

बायको पाण्याचा जग हातात धरून तशीच उभी राहिली. सासऱ्यांनी मान जरा वळवली. जावयाचा चेहरा दिसावा म्हणून त्यांना दुसरीकडेच बघावं लागे, त्यामुळे ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "आता मोठ्या अक्षरांचं काही खरं नाही, जावईबापू. वर्षात डाग पसरलाय."

ते खरंच होतं. नन्नासाहेबांनी एक पान मोठं मोठं करत नेलं, तेव्हा एका कागदावर 'समुद्र' एवढा एकच शब्द मावायला लागला, आणि सासऱ्यांना त्यातला नुसता 'द्र' दिसला, तोही चिकाटीनं बघितल्यावर. तेव्हा रेकॉर्डिंगच करायचं ठरलं. वाचणार कोण? कारकुनाचं नाक बारमाही चोंदलेलं. काउंटरवरच्या मुलीला माइक पाहिला की हसू येई. उरले नन्नासाहेब. बायंडिंगच्या खोलीच्या खिडकीला जाड चादर लावली आणि रोज दुपारी दार लावून ते वाचायला बसू लागले.

पहिलं रेकॉर्डिंग सासऱ्यांनी कानाला मोबाइल लावून ऐकलं. त्यात मुखपृष्ठ होतं, प्रकाशकाचा पत्ता होता, किंमत होती, सर्व हक्क स्वाधीन होते, आणि दर पानाच्या शेवटी पानाचा आकडा होता.

"वाचताय की पंचनामा करताय?"

"जसं आहे तसं वाचावं लागतं, बाबा."

"त्या बाईला वारा लागतोय तिथे. तुमच्या आवाजात पंखासुद्धा फिरत नाही."

नन्नासाहेबांनी आकडे वगळले. वाऱ्याचं त्यांना जमेना, पण ते जरा सावकाश वाचू लागले. 'होडीपासून पुढचं' मात्र त्यांनी चालवून घेतलं नाही. वाचकाला मिळायचं तर अख्खं मिळालं पाहिजे, म्हणून त्यांनी दुसरा खंड पहिल्या ओळीपासून धरला. सासरे कुरकुरले आणि ऐकू लागले. वाटेत विसरलेल्या पुष्कळ गोष्टी आहेत म्हणाले.

बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर एक ऑपरेटरबाई बसत. जन्मापासून न दिसणाऱ्या, आणि दवाखान्यातला प्रत्येक डॉक्टर श्वासावरून ओळखणाऱ्या. त्यांनीही वर्गणी भरून रेकॉर्डिंग नेलं. त्यांच्याकडून कळलं म्हणून आणखी काही जण आले. काउंटरवरच्या मुलीनं त्यांच्यासाठी बाकाजवळची जागा मोकळी करून दिली. नन्नासाहेब बोलले की ते लोक मान वर करत आणि म्हणत, "हा दीपगृहवाला आवाज."

ही वार्ता अध्यक्षांपर्यंत गेली आणि ते खुशीत ग्रंथालयात आले.

"मलाही पाठवा ते. गोदामांच्या फेऱ्यांत दिवसदिवस गाडीत जातो माझा."

"तुम्हाला देता येणार नाही."

अध्यक्षांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "अहो, गाडी चालवताना मला कुठे वाचता येतं?"

"गाडी चालवताना तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं म्हणजे काय! चांगलं दिसतं!"

"मग नाही," नन्नासाहेब म्हणाले. "ही प्रत ज्यांना छापलेलं वाचता येत नाही त्यांच्यासाठीच आहे. तुम्हाला दिली तर कायद्यानं दिलेली मोकळीक माझ्याच हातानं मोडेल, आणि त्या लोकांचंही बंद होईल. पुस्तक मात्र घेऊन जा. दोन्ही खंड आहेत."

प्रशिक्षणाआधी त्यांनी शेकड्यांनी नकार दिले होते आणि एकदाही तळहाताला घाम आला नव्हता. या वेळी आला. अध्यक्ष वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले, बहुधा त्यावर कुणाचं नाव आहे ते आठवत. मग म्हणाले, "तुम्हाला मीच पाठवलं होतं ना तिकडे?"

"हो."

"चांगलं शिकवलंय त्यांनी," अध्यक्ष म्हणाले. ते दुखावून म्हणाले की कौतुकानं, हे कुणाला कळलं नाही. आठवड्याच्या आत बायंडिंगची खोली समितीला जुन्या खुर्च्या ठेवायला लागते असं ठरलं, आणि खुर्च्या आल्या. मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात माइकसुद्धा उभा राहीना. दुखावूनच म्हणाले होते, असं कारकून म्हणाला.

आता वाचायचं कुठे? घरात रस्त्याच्या बाजूला गाड्यांचा आवाज, स्वयंपाकघरात नळाचा. मागच्या बाजूची सासऱ्यांची खोली तेवढी शांत होती.

"या," सासरे म्हणाले. "पण मी कुठे जाऊ?"

"इथेच बसा. फक्त बोलायचं नाही. खोकायचं नाही. रेकॉर्ड होतं."

"श्वास?"

"हळू."

अशी ती बैठक सुरू झाली. नन्नासाहेब टेबलाशी, सासरे पलंगावर भिंतीला टेकून. शब्दाचा उच्चार चुकला की सासरे तोंड न उघडता काठीनं जमिनीवर टकटक करत. नन्नासाहेब मशीन थांबवत, मागे जात, पुन्हा वाचत. काही दिवसांनी टकटक कमी झाली. वाचून झाल्यावर दोघं तिथेच थोडा वेळ बसत आणि दीपगृहावर पाणी कसं साठवत असतील, दिव्याचं यंत्र घड्याळासारखंच किल्लीवर चालत असेल का, असलं बोलत. यंत्राबद्दल सासऱ्यांना खूप सांगायचं होतं. बायको दवाखान्यातून येई तेव्हा आतून बोलण्याचा आवाज ऐकून दारातच थबके आणि चपला आवाज न करता काढे.

मग ते पान आलं. वादळ उठलं. वडील आणि मदतनीस होडीत बसले. मुलगी वरच्या खिडकीत. नन्नासाहेबांना पुढचं काही ठाऊक नव्हतं. सासऱ्यांना जिथपर्यंत ठाऊक होतं ती ओळ संपली, आणि आता दोघंही सारखेच.

होडी दिसत नव्हती. पान उलटलं तरी दिसत नव्हती. लिहिणाऱ्या बाई शांतपणे आईच्या हातातल्या दोरीबद्दल सांगत होत्या, काचेवर आपटणाऱ्या पक्ष्यांबद्दल सांगत होत्या. नन्नासाहेबांचा आवाज आपोआप खाली आला. उजाडलं, आणि पाण्यावर काहीतरी काळं दिसलं. होडी होती. तिच्यात एकच माणूस होता, आणि खिडकीतून तो कोण ते ओळखू येत नव्हतं.

इथे नन्नासाहेब थांबले. वाक्य संपलं होतं आणि डोळ्यांपुढची ओळ हलायला लागली होती.

"पुढे?" सासरे म्हणाले.

नन्नासाहेबांनी वाचलं. वडील होते. मदतनीस नव्हता. वडील काही न बोलता जिना चढून वर आले, ओल्या कपड्यांनीच दिव्याच्या काचा पुसायला बसले, आणि जन्मभरात त्या रात्रीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मदतनिसाचा कोट खुंटीवर होता तो तिथेच राहिला. कुणी काढला नाही, कुणी घातला नाही.

प्रकरण संपल्यावर नन्नासाहेबांनी मशीन बंद केलं. सासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते, म्हणजे ते जावयाकडेच बघत होते.

"वर्षभर मी त्यांना दोघांना परत आणत होतो," ते म्हणाले. "रोज वेगळ्या वाटेनं."

"मी तेव्हाच दिलं असतं तर..."

"तर तेव्हाच बुडाला असता तो," सासरे म्हणाले. "चहा टाका."

नन्नासाहेबांनी चहा टाकला. रेकॉर्डिंग तपासताना मधला तो 'पुढे?' त्यांना ऐकू आला. नियमानं काढायला हवा होता, कारण पुस्तकात तो शब्द नाही. त्यांनी तेवढा तुकडा पुन्हा वाचून जोडून पाहिला, दोन्ही ऐकले, आणि विचार करून पहिलाच ठेवला.

प्रती गेल्या. काही दिवसांनी ऑपरेटरबाई पुढचं पुस्तक न्यायला आल्या. जाडजूड प्रवासवर्णन होतं, सासऱ्यांनी निवडलेलं. काउंटरवर हात टेकून त्यांनी विचारलं, "साहेब, होडीच्या प्रकरणात एक म्हातारा मधेच 'पुढे?' म्हणतो. तो नंतर कुठेच येत नाही. कोण आहे तो?"

"ते पुस्तकात नाही," नन्नासाहेब म्हणाले. "आमच्या घरचे आहेत."

"असं होय," बाई म्हणाल्या. "या पुस्तकात पण आहेत का?"

"आहेत. चौथ्या प्रकरणात वाटेवरून भांडण झालंय आमचं. ते काढायचं राहिलंय."

"राहू द्या," असं म्हणून बाईंनी रेकॉर्डिंग पर्समध्ये ठेवलं आणि दाराकडे वळल्या.